सेशनमधली डुलकी

मी समुपदेशनाच्या खोलीत झोपलेले. आता लाज कसली धरायची, झोपलेले म्हणजे झोपलेले!

ठाण्याच्या कॉलेजात मी विवाह आणि कुटुंब समुपदेशनाचं एम.ए. करत होते. शेवटचं वर्ष. एका जोडप्याबरोबर सहा सेशन्स घ्यायची, सहाव्याचं रेकॉर्डिंग आमच्या गाइड हेमा मॅडमना दाखवायचं आणि त्यावर पास की नापास ते ठरायचं. मला जोडपं मिळालं कळव्याचं, काळुरामकाका आणि आवडाबाई. लग्नाला बेचाळीस वर्षं झालेली. मुलाच्या सांगण्यावरून आवडाबाईंनी खाडीकडची जमीन विकायच्या कागदावर सही केली आणि त्या दिवसापासून काकांनी त्यांच्याशी बोलणंच टाकलं. वर्ष झालं त्याला.

माझ्यासमोरही तेच. मी मध्ये, दोघांच्या खुर्च्या दोन टोकांना.

"यांना सांग गो, मी उद्या दिव्याला बहिनीकडं चालली. कायमची."

"तिला सांग, जा."

अरे, मी काय पोस्टमन आहे? पण मॅडमची सक्त ताकीद होती, सल्ला द्यायचा नाही, बाजू घ्यायची नाही. पाच सेशन्स मी जीभ चावत काढली. हे सहावं, आणि बाईंची बॅग भरून तयार.

त्या दिवशी पहाटे उठून दोन शिकवण्या घेतलेल्या, मग ठाकुर्लीहून धावतपळत आलेले, वर डब्यात आईचा भात. दुपारचे अडीच वाजलेले. पंखा घरघरत होता, खिडकीचा पांढरा पडदा फुगत होता, बसत होता. दोघंही गप्प. त्यांच्या गप्प बसण्याकडे बघता बघता पडद्याचं मिठागर झालं. पांढरंशुभ्र, पार टोकाला आभाळात मिसळलेलं. मी अगदी लहान होते, कुणाच्या तरी मांडीवर. वर कुणीतरी कुजबुजत होतं. शब्द कळत नव्हते, पण इतकं बरं वाटत होतं की उठूच नये.

जाग आली तर खोली रिकामी. माझं धाबंच दणाणलं. बाई संसार मोडून गेली आणि मी इथे घोरत होते! स्टँडवरचा मोबाईल अजून रेकॉर्ड करत होता. तो थांबवून रेकॉर्डिंग लावून बघितलं.

माझी मान कलते. काका म्हणतात, "निजली गो पोर."

कुणाला म्हणतात? खोलीत दुसरं होतंच कोण!

"हलू बोला, उठंल ती," आवडाबाई.

काका उठून पंखा कमी करतात. मग काहीतरी पुटपुटतात, ते बाईंच्या टोकाला ऐकू जात नाही. खुर्ची ओढायला जातात, तर बाई हातानंच नको म्हणतात. मग ते खुर्ची उचलून, पाय न वाजवता, त्यांच्या शेजारी आणून ठेवतात.

"किती दमलीय."

"हां."

मग काका, अगदी हळू, "सहीच्या आधी मना एकदा इचारायचं."

"चुकलं माजं. पन वरीस झालं वो. भिंतीशी बोलते मी."

"जाऊ नको."

"काय?"

"जाऊ नको, बोललो."

बाई पदर तोंडात धरून रडतात. आवाज होऊ नये म्हणून.

डिलीट करायचा मोह झालाच, कशाला खोटं बोलू? पण जसंच्या तसं मॅडमना दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत पाहिलं आणि चष्मा पुसला.

"दर्शना, तू झोपलेली आहेस. मी पास कशी करू? ते तयार असतील तर सातवं सेशन घे. जागेपणी."

फोन लावला. आवडाबाईंनीच उचलला. दिव्याहून बोलताय का, हे विचारायची छातीच होईना.

"सातवं?" त्या हसल्या. "नको गो बाय. आता आमचं आमी बोलतो."

मागून काकांचा आवाज आला, "कोन हाय गो, आवडे?"

म्हणजे मी नापास. पुन्हा नवीन जोडपं, पुन्हा सहा सेशन्स. फोन ठेवला आणि ढसाढसा रडले. आईशप्पथ सांगते, आनंदानं.