नावाचं तिकीट

शंभूनं खिडकीची लोखंडी झडप दोन्ही हातांनी खाली ओढली, तेव्हा श्रीदेवीचा उजवा हात बाहेरच्या फळीवर, चिठ्ठ्यांच्या पातेल्यात होता. हाड मोडल्याचा आवाज पुढच्या चार माणसांनी ऐकला.

"काढ आता चिठ्ठ्या!" शंभू ओरडला.

धाराशिवच्या त्या नाट्यगृहात श्रीदेवी एकोणीस वर्षं तिकिटं विकत होती. गाण्याचा मोठा कार्यक्रम लागला की शंभूची माणसं पहाटेच रांग अडवायची. तासाभरात खिडकी बंद, आणि तीच तिकिटं समोरच्या शंभूच्या टपरीवर चौपट भावानं. लोक शिव्या घालायचे त्या श्रीदेवीला. "बाई आतून मिळालेली हाय," म्हणायचे. मागच्या खेपेला ढोकीच्या कारखान्यातला एक फिटर टपरीवर भावावरून बोलला, तर शंभूच्या माणसांनी त्याला बायकोदेखत पट्ट्यानं फोडून काढलं. श्रीदेवीनं जाळीतून ते पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी मॅनेजरांपुढं जाऊन उभी राहिली.

"सायेब, रांगच नको. आठ दिवस नावं लिहून घेऊ अन् समद्यांसमोर चिठ्ठ्या काढू. तिकिटावर नाव छापायचं, दारात आधार कार्ड बघायचं. ज्याला यायला जमत न्हाय, त्यानं तिकीट खिडकीवरच परत द्यायचं. ते पुढच्या चिठ्ठीला."

"अन् शंभू गप बसंल व्हय?"

"न्हाय बसणार," ती म्हणाली.

तसंच झालं. चिठ्ठ्या काढायच्या दिवशी तो सहा जणांना घेऊन आला. झडप पडली, पातेलं उडालं. दारावरचा बलभीम मधे पडला, तर त्याच्या गुडघ्यावर लोखंडी गज बसला. नावं वाचायला आलेले बाबूराव गुरुजी कपाळ धरून खाली बसले; बोटांमधून रक्त धोतरावर ठिबकत होतं.

ते रक्त पाहून लोक उसळले. इतकी वर्षं मुकाट मागं फिरलेली माणसं ती. त्यांनी सहाही जणांना पळवून लावलं आणि शंभूला एकट्याला पायऱ्यांवर आडवा पाडला. लाथा बसत होत्या. त्याचा एक दात फरशीवर पडला. कुणीतरी फुटपाथचा दगड उचलून त्याच्या डोक्यावर धरला.

श्रीदेवी मोडका हात छातीशी धरून बाहेर आली. पडू दे दगड, असं तिला क्षणभर वाटलं. अगदी मनापासून वाटलं. मग ती दगडवाल्याच्या आणि शंभूच्या मधे जाऊन उभी राहिली.

"टाका त्यो दगड खाली! ह्याला मारलात तर उद्या दुसरा कुणी टपरी लावंल. पोलीस येतेत, त्यांच्या ताब्यात द्या. चिठ्ठ्या गोळा करा आधी."

"बाई, हात बघा की तुमचा!"

"डावा हाय अजून."

पोलिसांनी शंभूला गाडीत घालून नेलं. लोकांनी पायऱ्यांवरून, गटारीच्या कडेवरून एकेक चिठ्ठी वेचून आणली. श्रीदेवी डाव्या हातानं काढत गेली आणि डोक्याला रुमाल बांधलेले गुरुजी मोठ्यानं वाचत गेले. शेवटचं नाव निघाल्यावरच ती दवाखान्यात गेली. दोन बोटं पुन्हा मिटणार नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलं.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी टपरी बंद होती. श्रीदेवी दारात कार्डं बघत होती, बलभीम स्टुलावर बसून तिकिटं फाडत होता. सगळे आत गेले. बलभीम लंगडत खुर्च्या दाखवायला गेला. तेव्हा फाटकाशी मघापासून उभी असलेली एक म्हातारी पुढं आली. तिनं कार्ड आणि तिकीट धरलं.

रुद्रम्मा. आडनाव शंभूचं.

"म्या त्याची आई हाय," म्हातारी खाली बघत म्हणाली. "गाण्याचं लई वेड मला. पर पोरानं कधी एक तिकीट घरी आणलं न्हाय. म्हणून म्याच येऊन नाव लिहून गेले हुते. त्यानं हे असं केलं... आता कुठल्या तोंडानं आत जाऊ? हे परत घ्या, दुसऱ्या कुणाला द्या."

आत तबला जुळवल्याचा आवाज आला. श्रीदेवीनं कार्ड पाहिलं, तिकीट पाहिलं.

"नाव तुमचंच हाय ना, मावशी?"

"व्हय."

"मग आत चला. चौथी ओळ, कडेची खुर्ची."

तिकीट फाडायला हवं होतं, पण तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. तिनं एक टोक डाव्या चिमटीत धरून तिकीट पुढं केलं. रुद्रम्मानं दुसरं टोक धरलं, आणि दोघींनी मिळून ते फाडलं.