महागूने आणलेली बाटली

मी लघवी तपासायच्या पट्ट्यांचा डबा बोलतोय. नाक मुरडू नका. तुम्ही जे टाकून देता, त्यात तुमच्याबद्दल काय काय दडलेलं असतं, हे पाहण्यात माझं आयुष्य गेलं. मला अजूनही त्याचं नवल वाटतं.

कारखान्यात माझ्या पोटावर रंगीत चौकोन चिकटवले. आत पट्ट्या भरल्या, ओल शोषणारी पुडी टाकली, झाकण घट्ट लावलं. मग ट्रकातून, बसमधून मी उकवा या खाणीच्या गावाजवळच्या एका आरोग्य उपकेंद्रात पोचलो. तिथल्या गीता सिस्टर पट्टी लघवीत बुडवतात आणि माझ्या पोटाशी धरून रंग जुळवतात. साखर असली की निळसर चौकोन तपकिरी होतो. प्रथिनं असली की पिवळा हिरवट होतो. साखर किंवा रक्तदाब मूत्रपिंडाला त्रास देऊ लागला, तर हा हिरवा कधी कधी माणसाला काही जाणवण्याआधीच दिसतो.

रंग बदलेपर्यंत माणसं माझ्याकडे बघत नाहीत. छताकडे बघतात.

एका सकाळी महागू आला. खाणीत ठेकेदाराकडे त्याला काम मिळणार होतं, पण आधी तपासणी होती. घरून भरून आणलेली बाटली त्याने टेबलावर ठेवली. सिस्टरांनी पट्टी बुडवली. निळा तपकिरी झाला, पिवळा हिरवट.

"महागूभाऊ, शुगर दिसते. प्रोटीन बी."

"अशी कशी? हे तं..." महागूने हसता हसता बाटलीकडे पाहिलं.

"उद्या पुन्हा आणा. मग रक्त पाहू."

तो दारापर्यंत गेला. उद्या एखाद्या शेजाऱ्याची बाटली आणली असती, तर कुणाला काही कळलं नसतं. कामही मिळालं असतं. चपलेत पाय घालून तो तसाच उभा राहिला. मग परत आला.

"सिस्टर, हे माही नाई. अनुसयाची हाये. मले चक्कर येते, भेव लागलं. ते कधी बिमार पडत नाई, म्हून तिचीच आनली."

"बायकोची? वा रे बहाद्दर!" सिस्टर रागावल्या, पण लगेच म्हणाल्या, "जा, घेऊन ये तिले. आत्ता."

अनुसया बांधीतून, धानाच्या शेतातून, तशीच आली, हाताला चिखल. "मले काय होते? धानाचा भारा यांच्यापेक्षा मोठा उचलतो मी. बाटल्या बदलल्या असतीन."

"म्हून तं तुह्या समोर पाहू," महागू म्हणाला.

"शुगर निघाली तं माहा चहा बंद होईन."

"मीबी सोडतो."

"तुमी? चहाबिगर डोये तरी उघडतेत का तुमचे?" असं म्हणत ती बाटली घेऊन मागे गेली.

ती परतल्यावर सिस्टरांनी पट्टी बुडवली, पण तिने छताकडे पाहिलं नाही. मला हातात घेतलं आणि पट्टी स्वतःच माझ्या पोटाशी धरली. चौकोन हळूहळू तपकिरी होत गेला.

"हौ," ती हळू आवाजात म्हणाली, "माहीच होती."

तिचा रक्तदाबही वाढलेला निघाला. मी नुसता इशारा देतो, पक्कं रक्तच सांगतं. रक्तानेही तेच सांगितलं. महागूची पट्टी स्वच्छ होती. त्याची चक्कर उपाशीपोटी राबण्याची निघाली. काम मिळालं, पण त्या दिवशी तो हसला नाही. बायकोच्या हातावरचा चिखल पुसत बसला.

"लवकर सापडलं," सिस्टर त्याला म्हणाल्या. "आता गोळ्या चुकवू देऊ नका."

आज माझ्यातल्या पट्ट्या संपल्या आहेत. शेजारी नवा डबा येऊन उभा राहिला आहे. जाता जाता एवढंच मागतो. माझ्या पोटावर रंग आहेत, नावं नाहीत. रंग आम्ही दाखवू. तो कुणाचा, हे मात्र तुम्हीच खरं सांगा.