मग त्या मॅडम काय म्हणाल्या?

"तुम्ही फक्त विचारायचं, मालिनीताई. उत्तर ती देईल," राजसी म्हणाली आणि मालिनीच्या खांद्यामागून कॅमेऱ्यात काय दिसतंय ते वाकून पाहू लागली. "तुमचा चेहरा दिसणार नाही. फक्त हात आणि आवाज."

टेबल मालिनीचंच होतं. अंबरनाथच्या त्या शाळेत सव्वीस वर्षं कारकून म्हणून ती याच टेबलाशी बसून बोनाफाईड लिहीत आली होती, हजेरीपटाच्या बेरजा जुळवत आली होती. दिवाळीच्या सुट्टीत शाळा रिकामी होती आणि दोन दिवसांपुरतं तिचं ऑफिस सिनेमातलं सरकारी कार्यालय झालं होतं. समोरच्या खुर्चीत नववीतली हर्षदा गणवेशात बसली होती. नखं कुरतडत होती.

राजसी मालिनीसारखीच बदलापूरची. सिनेमाचं शिक्षण घेऊन आलेली, तिशीची, सुती कुर्ता आणि केस वर बांधलेले. घरातून पळून गेलेल्या एका मुलीवर ती आपला पहिला सिनेमा करत होती आणि तिला नटी नको होती, खरी मुलगी हवी होती. शिक्षकांना वेळ नव्हता, म्हणून मुख्याध्यापकांनी तिला ऑफिसात मालिनीकडे पाठवलं. राजसीनं लॅपटॉप उघडून तिला रोमानियातला एक सिनेमा दाखवला. गाणं नाही, मेकअप नाही. करड्या इमारती, सोळा वर्षांची एक मुलगी, आणि कॅमेरा सगळा वेळ तिच्या मानेमागे. ती मुलगी एका कचेरीबाहेर बाकावर बसून राहते, आतली बाई चहा पीत राहते, आणि कुणी काही विचारत नाही. पाहता पाहता मालिनीचे डोळे भरून आले.

"कसा वाटला?" राजसीनं विचारलं होतं.

शाळेत मालिनीला असं कुणी कधी विचारत नसे. शिपाई सोडला तर तिच्याशी लोक खिडकीतूनच बोलत. ती खूप बोलली त्या दिवशी. आणि बोलण्याच्या भरात म्हणून गेली, "अशी एक मुलगी आहे आमच्याकडे."

बुवापाड्यातल्या एका खोलीत हर्षदा आईबरोबर राहत होती. आई सरू आनंदनगरच्या एका कारखान्यात पॅकिंगला. बाप नव्हता, खोली साईनाथ नावाच्या माणसाची होती आणि सरू त्याच्यासोबत राहत होती. परवानगी मागायला मालिनी स्वतः गेली. सरूनं पदराला हात पुसत एवढंच विचारलं, "वाईट काय दाखवनार नाय ना मॅडम पोरीचं?"

"मी आहे ना तिथे," मालिनी म्हणाली.

आता ती तिथे होती. आणि दृश्य काही जमत नव्हतं.

"पाठ म्हणतेय ती," राजसी मालिनीला बाजूला घेऊन कुजबुजली. "लिहिलेलं सोडून देऊ. तुम्ही तिला ओळखता. तिचं स्वतःचं काहीतरी विचारा ना. ज्याचं उत्तर तिला पाठ करावं लागणार नाही असं."

मालिनीला असं एक उत्तर माहीत होतं. तिच्याशिवाय शाळेत दुसऱ्या कुणाला ते माहीत नव्हतं. विचारू नये हेही तिला कळत होतं. पण राजसी तिच्याकडे मोठ्या आशेनं पाहत होती, आणि आपल्यामुळे काहीतरी चांगलं घडणार आहे हे सुख मालिनीला नवं होतं.

ती खुर्चीत बसली. कॅमेरा सुरू झाला.

"तू सातवीत असताना खरंच पळून गेली होतीस ना?" तिनं विचारलं. "का गेलीस?"

हर्षदानं नखं कुरतडायची थांबवली. तिनं आधी राजसीकडे पाहिलं, मग मालिनीकडे. नजर तिनं तिथेच ठेवली.

"घरात एक माणूस होता," ती म्हणाली. "तो घरी असला का मला झोपच यायची नाही. मी आईला सांगितलं. आई बोलली, दार लावून झोपत जा." ती किंचित हसली. "दाराला कडीच नव्हती."

मालिनीचे हात टेबलावर तसेच राहिले.

"मग मी कर्जतला गेले. पोलिसांनी परत आणली. मग शाळेतल्या एका मॅडमना पण सांगितलं. सगळं."

राजसी कॅमेऱ्यामागून हातानं खूण करत होती, विचारा, पुढे विचारा. मालिनीच्या तोंडून शब्द निघाले ते कुणा दुसऱ्याचेच असावेत असे.

"मग त्या मॅडम काय म्हणाल्या?"

"बोलल्या, परीक्षा जवळ आलीये. तू अभ्यासाकडे लक्ष दे."

"कट!" राजसी ओरडली आणि धावत येऊन तिनं हर्षदाला मिठीच मारली. "कुठून सुचलं तुला हे? ती कडी! बाप रे!"

हर्षदा मालिनीकडे पाहत होती. 'तुम्ही सांगा यांना' असं त्या पाहण्यात होतं, किंवा 'सांगू नका' असं होतं. मालिनीनं ते ठरवायची तसदीही घेतली नाही.

"हुशारच आहे ती," मालिनी म्हणाली. आणि मग हर्षदाकडे वळून, "छान केलंस."

खरं तर दोन वर्षांपूर्वीही सगळं याच टेबलाशी झालं होतं. त्या दिवशी सरकारी संकेतस्थळावर शाळेची युडायसची माहिती भरायची शेवटची तारीख होती. बारा वर्षांची हर्षदा कपाटाला टेकून उभी राहिली, हळू आवाजात बोलली, आणि मालिनीनं सगळं ऐकून घेतलं. तिला पाणी दिलं, दोन बिस्किटं दिली. असं काही कानावर आलं तर ताबडतोब कळवायचं असतं, हे तिला माहीत नव्हतं असं नाही. तसं परिपत्रक तिनंच फाईलला लावलं होतं. पण कळवायचं म्हणजे मुख्याध्यापक, पोलीस, जबाब, बुवापाड्यातली माणसं शाळेच्या दारात. 'आईला माहीत आहे ना, ती बघेल,' असं तिनं स्वतःला सांगितलं आणि संगणकाकडे तोंड फिरवलं. पुढे हर्षदा रोज शाळेत येत राहिली, केसांना तेल, दोन वेण्या. तिला पाहून मालिनीला बरं वाटायचं. मिटलं असेल, असं ती धरून चालली.

चित्रीकरणानंतर मात्र तिला धरून चालता येईना. बदलापूरच्या फ्लॅटमध्ये भाजी निवडताना, इस्त्री करताना तो प्रश्न तिच्या आवाजात तिला ऐकू यायचा. नवरा हरिचंद्र एकदा म्हणाला, "काय पुटपुटतेस गं?" राजसीला फोन करून ते दृश्य काढायला सांगावं, असं तिनं डिसेंबरात ठरवलं. जानेवारीत पुन्हा ठरवलं. पण का काढायचं याचं कारण तिला द्यावं लागलं असतं.

एप्रिलमधल्या एका रविवारी सकाळी बदलापूरच्या फिल्म क्लबनं सिनेमा दाखवला. दीडशे माणसं होती. निवृत्त बँकवाले, प्राध्यापक, नाटकवाली मुलं. दुसऱ्या रांगेत सरू बसली होती, मोरपंखी साडीत, केसात अबोलीचा गजरा. साईनाथ आला नव्हता. तिच्या शेजारी हर्षदा, आणि हर्षदाच्या पलीकडे मालिनी.

ते दृश्य आलं तेव्हा मालिनी मांडीवरच्या पर्सकडे पाहत राहिली. कडीचं वाक्य आलं. मागच्या रांगेत एक बाई "अगं बाई" म्हणाली. मग सभागृहभर मालिनीचा स्वतःचा आवाज घुमला, कोरडा, ऑफिसातला. सरूनं मान वळवली. पडद्यावरच्या उजेडात तिचे डोळे आधी लेकीवर गेले, मग लेकीच्या डोक्यावरून मालिनीवर. हर्षदा दोघींच्या मध्ये सरळ बसून होती, पडद्याकडे पाहत.

नंतर टाळ्या झाल्या, पुष्कळ झाल्या. एक गृहस्थ उभे राहून म्हणाले, "परदेशात असे सिनेमे पाहतो, तेव्हा वाटतं आपल्याकडे का होत नाहीत. आज झाला." त्यांनी हर्षदाला विचारलं, "बाळ, एवढा सहज अभिनय कुठे शिकलीस?"

"शिकले नाही काय," हर्षदा माईकमध्ये म्हणाली. "असंच आलं."

लोक कौतुकानं हसले. सरू तोवर चपला घालून दाराबाहेर जाऊन उभी राहिली होती.

चौथ्या दिवशी सरू शाळेत आली. खिडकीशी न थांबता सरळ आत आली आणि त्याच खुर्चीत बसली.

"दाखला पायजे हर्षदाचा. आमी वांगणीला जातो, माझ्या बापाकडं. खोली सोडली."

मालिनीनं रजिस्टर काढलं. पान सापडेना.

"मॅडम," सरू म्हणाली. तिच्या आवाजात भांडण नव्हतं. "माझ्या पोरीनं मला सांगितला तवा मी गप बसले. मला जागा नव्हती जायाला. दुसरीकडं कुठं जानार व्हते पोरीला घेऊन? त्या मॅडम म्हंजे तुमीच, पोरीनं सांगितला मला. पन तुमी कशापायी गप बसलाव?"

मालिनीला पुष्कळ सांगता आलं असतं. युडायसची तारीख, मुख्याध्यापकांचा स्वभाव, पोलिसांची कटकट. त्यातलं एकही कारण सरूच्या कारणापुढे उभं राहण्यासारखं नव्हतं.

"चुकले मी," ती म्हणाली.

सरूनं मान हलवली. ते ऐकायला ती आलेली नव्हती. मालिनीनं लिहून दिलेला दाखला घडी घालून तिनं पिशवीत टाकला आणि ती गेली.

त्या दुपारी मालिनीनं मुख्याध्यापकांना लेखी दिलं. तारखेसकट, स्वतःच्या नावासकट, हर्षदा सातवीत काय म्हणाली आणि आपण काय केलं नाही ते. मुख्याध्यापकांनी दोनदा वाचलं, दार लोटून घेतलं. "अहो, आता ती मुलगी आपल्या पटावरच नाही," ते म्हणाले. "कशाला उकरून काढता? तुमची चार वर्षं राहिलीत." दुसऱ्या दिवशी मालिनी रजा टाकून स्वतःच पोलीस चौकीत गेली. तिथल्या महिला हवालदारानं सगळं लिहून घेतलं आणि शेवटी वर पाहून विचारलं, "दोन वर्षं काय करत होता तुम्ही?" मालिनीनं जबाबाखाली सही केली. वांगणीला जाऊन पोलिसांनी मायलेकींचे जबाब घेतले, साईनाथला धरलं, असं तिला पुढे कळलं. शाळेत लोक खिडकीतूनही कामापुरतंच बोलू लागले.

जून उलटला तरी हर्षदाच्या दाखल्याबद्दल कुठल्याच शाळेचं पत्र आलं नाही. म्हणजे तिनं कुठे नाव घातलं नव्हतं. बाहेरून दहावीला बसण्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म असतो. त्याची सगळी माहिती काढून, लागणाऱ्या कागदांची यादी हातानं लिहून, जुलैतल्या एका शनिवारी मालिनी वांगणीला गेली.

सरूचा बाप धाकलू झोपडीच्या पडवीत बसला होता. "पोरी शेतान हायेत, लावनीला," त्यानं हात केला. मालिनी बांधावरून चालत गेली. चपला चिखलात रुतायला लागल्या तशा तिनं हातात घेतल्या.

खाचरात सहा-सात बायका वाकून रोपं लावत होत्या. हर्षदा टोकाला होती, साडी नव्हे, जुना ट्रॅकसूट गुडघ्यापर्यंत दुमडलेला. मालिनीला पाहून ती उभी राहिली. रंग रापला होता. वेण्या जाऊन केस खांद्यापर्यंत कापलेले.

मालिनीनं फॉर्मचं सांगितलं. कधी भरायचा, कुठे, फोटो किती, अभ्यासाला पुस्तकं ती स्वतः आणून देईल. हर्षदानं तिच्या हातातल्या कागदाकडे पाहिलं.

"एक विचारू का मॅडम?"

"विचार."

"तेव्हा, सातवीत, तुम्हाला खोटं वाटलं होतं का मी सांगितलेलं?"

मालिनीला कळलं, 'हो' म्हटलं तर पोरीला ते सोपं जाईल. आपल्यालाही जाईल. बारा वर्षांची मुलगी, काहीतरी बोलली, कसा विश्वास ठेवणार. पळून जायला ती वाट मोकळी होती.

"नाही," ती म्हणाली. "खरं वाटलं होतं. तेव्हाच."

खाचरातल्या बायका वाकलेल्याच पुढे सरकत होत्या, हर्षदाची ओळ मागे पडत होती.

"मी आपलं इतके दिवस धरून चालले होते," हर्षदा म्हणाली, "की तुम्हाला खोटं वाटलं असेल."

तिनं आपल्या हातांकडे पाहिलं. कोपरापर्यंत चिखल होता. मग हनुवटीनंच आईकडे खूण केली. "कागद तिच्याकडे द्या. माझे हात भरलेत." आणि रोपांची जुडी उचलून ती पुन्हा पाण्यात उतरली.

सरूनं पदराला हात नीट कोरडे केले, कागद घेतला आणि दुमडू नये म्हणून छातीशी सपाट धरला. तिनं बस म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. मालिनी बांधावर अनवाणी उभी होती. हर्षदा वाकून एकेक रोप चिखलात रोवत होती. मागे पडलेली ओळ भरून काढत ती हळूहळू बायकांच्या रांगेत मिळाली, आणि मग त्या सगळ्या एका रेषेत पुढे सरकू लागल्या.