फटफटीचा कौल

शिवडी किल्ल्याच्या चढाखाली दर मंगळवारी सकाळी ही गर्दी जमायची. कोळीवाड्यातल्या बायका मासळीच्या पाट्या बाजूला ठेवून यायच्या, गोदामांतले हमाल काम टाकून यायचे, लालबाग-परळचे गिरणीकामगार पाळी सुटली की डोळे चोळत थेट इकडे यायचे. आणि एवढी माणसं बघायला काय यायची? एक फटफटी! लष्कराच्या लिलावातली, रंग उडालेली, पंधरा-सोळा वर्षांची जुनी फटफटी. तिच्या हँडलला झेंडूचा हार, टाकीवर शेंदराचा पंजा, दिव्याला हळदकुंकू. आणि शेजारी लाल धाबळी पांघरलेले धोंडूमहाराज.

“फटफटी काय करते?” महाराज ओरडायचे.

“तेल पिते!” गर्दी ओरडायची.

“आनि काय करते?”

“रगत गाळते!”

“आनि ऐकते कुनाचं?”

“गणपतचं!”

मी त्या गर्दीत उभा राहिलो तेव्हा मला चीड आली. कारण गणपत कोळी माझा दोस्त होता. कॉटन ग्रीनला लॉऱ्या दुरुस्त करायच्या एका गॅरेजात आम्ही दोघं शेजारी शेजारी काम करायचो. ही फटफटी त्याने मोडीत काढलेल्या अवस्थेत आणली होती आणि आम्ही दोघांनी मिळून उभी केली होती. छप्पनच्या जानेवारीत, मुंबई महाराष्ट्राला मिळावी म्हणून शहर पेटलं असताना, लालबागला गोळीबारात तो गेला. तेव्हा त्याच्या खिशात माझा एक पाना होता. अशा माणसाचं रक्त म्हणून हा धाबळीवाला गर्दीला काहीतरी चाटवत होता.

त्याचं असं झालं. गणपत गेल्यावर फटफटी दोन वर्षं ताडपत्रीखाली पडून होती. अठ्ठावन्न साली त्याची बायको गुणवंती हिने पाट लावायचं, म्हणजे दुसरं लग्न करायचं ठरवलं. तुळशीदास नावाचा बिजवर, होड्यांची दुरुस्ती करणारा, शांत माणूस. दोघांनी आपसात बोलून ठरवलं होतं. कोळीवाड्यात पाटाचं कुणाला नवल नव्हतं. पण गणपतची आई राधाबाई हिच्या घरचा एक रिवाज होता: आधी गेलेल्या नवऱ्याला विचारायचं. देवाला फुलं लावायची, कौल घ्यायचा, मग पाट. कौलाच्या दिवशी गणपतचा धाकटा भाऊ लहू हौसेने फटफटी चालू करून निघाला. सपाटीवर ठीक चालली. किल्ल्याचा चढ लागला आणि इंजिन बोंबलतंय, धूर निघतोय, पण फटफटी जागची हलेना. लहूचा चेहरा पांढरा पडला. रस्त्याकडेला धोंडू बसला होता. तोवर तो नुसता धोंडू होता. तो उठून म्हणाला, “अरे, फुलं कशाला लावताय? ह्योच कौल! गणपत मागं बसलाय. त्याला हा पाट मंजूर नाय!”

त्या दिवसापासून धोंडूचा धोंडूमहाराज झाला, आणि गुणवंतीचा पाट अडकला तो अडकलाच. तीन महिने झाले. तुळशीदासच्या घरचे म्हणायला लागले, मेलेल्याचा शाप घरात नको. पुढच्या अमावास्येपर्यंत गणपतचा होकार आला नाही तर ते दुसरी मुलगी बघणार होते.

गुणवंती स्वतः गॅरेजात आली, मासळीची पाटी डोक्यावर घेऊनच.

“बुधाजीभाऊ, तुमी ती गाडी खोललेली हाय. खरं सांगा. तो बसतो का तिच्यावर?”

“वहिनी, गणपत जिवंत असताना चढावर कधी थांबला का?”

“नाय. मना मागं बसवून किल्ल्यावर न्यायचा.”

“मग मेल्यावर कशाला थांबेल? मंगळवारी येतो.”

म्हणून मी तिथे होतो.

महाराजांनी अभिषेक सुरू केला. फटफटीच्या डाव्या अंगाला एक मोठं झाकण असतं, त्यावर तेल घालायचं छोटं बूच. महाराजांनी ते बूच काढलं आणि शेंदूर कालवलेलं एरंडेल आत ओतायला लागले. मंत्र पुटपुटत, मधूनच अक्षता टाकत. बाटलीभर तेल गेलं. गर्दीने श्वास रोखला. “प्याला! सगळा प्याला!” कुणीतरी किंचाळलं. पोकळ डब्यात तेल ओतलं तर ते आत जाणार नाही तर कुठे जाणार? पण हे विचारायला तिथे कुणाला फुरसत नव्हती.

मग लहू बसला. सपाटीवर महाराजांनी विचारलं, “गणपत, तुला संयुक्त महाराष्ट्र पायजे का?” फटफटी चालली. टाळ्या. “गणपत, तुझा महाराजांवर भरवसा हाय का?” फटफटी चालली. पुन्हा टाळ्या. मग चढ लागला. महाराजांनी दोन्ही हात वर केले. “गणपत! तुझ्या बायकोचा पाट लावू का?” इंजिन किंचाळलं, निळा धूर निघाला आणि फटफटी उभी. झाकणाच्या खालच्या कडेतून लाल थेंब गळायला लागले. बायका पुढे धावल्या, बोटं बुडवून कपाळाला लावायला लागल्या. एका बाईने तान्ह्या पोराच्या ओठांना लावलं. राधाबाई गुडघ्यांवर बसून ते थेंब पितळी डबीत धरत होती. 

मी पुढे झालो. “महाराज, एक प्रश्न मी विचारू का? इथेच, चढावर.”

“विचार की. गणपत तुला वळखतो.”

“गणपत, धोंडूमहाराजांनी इथे राहावं का?” मी लहूला खूण केली. त्याने मूठ पिळली. फटफटी जागची हलली नाही.

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. महाराजांचा चेहरा उतरला. “अरं, ह्यो कोन माहीत हाय का तुमाला? हे लोक दोन वरसांमागं बुद्धाची दीक्षा घेऊन देव सोडून बसलेत! ह्याच्या तोंडानं गणपत बोलंल का?”

“देव सोडलेत. पाना सोडलेला नाही,” मी म्हणालो. “सपाटीवर विचारलं की हो, चढावर विचारलं की नाही. मग उत्तर गणपत देतो की चढ देतो? हे झाकण उघडतो, म्हणजे सगळ्यांना दिसेल.”

“खबरदार! जो उघडंल तो रगत ओकून मरंल!”

गर्दी दोन पावलं मागे सरली. लहू फटफटीवरून उतरून माझ्या आणि तिच्या मध्ये उभा राहिला. “भाऊ, नको. दादा आत असंल तर?”

“गाडी कुणाची?” मी विचारलं.

“माझी,” गुणवंती पुढे आली. “उघडा.”

तेव्हा राधाबाईने जो हंबरडा फोडला तो मला अजून ऐकू येतो. “नको रं! माज्या पोराला कापू नको रं!” महाराजांवर मला आयुष्यात सगळ्यात जास्त किळस त्या क्षणी आली. म्हाताऱ्या आईला लोखंडाच्या डब्यात पोराचं पोट दिसावं, इथवर त्याने नेऊन ठेवलं होतं.

मी तिच्याजवळ बसलो. “आये, तुझ्या पोरानं आणि मी हे झाकण दहादा उघडलंय. त्यानं स्वतः उघडलंय. तू इथं माझ्याशेजारी बस. तो आत दिसला तर मी हात लावणार नाही.”

ती माझ्याशेजारी बसली. मी स्क्रू काढले आणि झाकण ओढलं. भसकन लाल-काळा राडा पायावर आला. उन्हात तीन महिने शिजलेल्या एरंडेलाचा असा खवट वास सुटला की पुढच्या बायकांनी पदर नाकाला लावले. राड्यात फुगलेल्या अक्षता होत्या, झेंडूच्या सडक्या पाकळ्या होत्या आणि एक मेलेलं झुरळ होतं.

“हे बघा,” मी म्हणालो. “हे तुमच्या कपाळावर आहे. हे त्या लेकराच्या तोंडात आहे.”

ती बाई पोराचे ओठ खसाखसा पुसायला लागली. राधाबाईने डबी उघडली. एक बोट डबीत, एक बोट राड्यात बुडवलं. दोन्ही बोटं नाकाशी नेली. “शेंदूर गो,” ती म्हणाली. मग कुणाकडे न बघता तिने पदराने कपाळ पुसलं, लालसर डाग जाईपर्यंत पुसलं.

मी पुढचं काम सुरू केलं. स्प्रिंगा सोडल्या, क्लचच्या चकत्या एकेक करून बाहेर काढल्या आणि फडक्यावर मांडल्या. “इंजिन फिरतं इकडे, चाक फिरतं तिकडे,” मी सांगत होतो. “मध्ये या चकत्या. एक साध्या पोलादाची, एक भोकाभोकांत बाटलीला असतात तशी बुचं बसवलेली, परत पोलादाची, परत बुचांची. स्प्रिंग त्यांना दाबून धरते. बूच पोलादाला घट्ट धरतं, म्हणून इंजिनाचं बळ चाकाला मिळतं. इथे घोटभर पातळ तेल पुरतं. दोन वर्षं पडून ही बुचं कडक झाली, झिजली. म्हणून पहिल्या दिवशी चढावर पकड सुटली. त्यात कुणाचं पाप नव्हतं. नुसता बिघाड होता. त्यानंतर दर मंगळवारी यात एरंडेल ओतलं गेलं. मग कसली पकड राहणार? सपाटीला बळ कमी लागतं, तिथे कशीबशी ओढायची. चढाला जास्त लागतं, तिथे चकत्या घसरायच्या. इंजिन ओरडणार, चाक उभं.”

लोक बघत होते, पण डोळ्यांत समजल्याची खूण नव्हती. तेवढ्यात गुणवंतीने एक बुळबुळीत चकती उचलली, अंगठ्याने चोळली आणि मोठ्याने म्हणाली, “अगो, हे वाम माशासारखं झालं! वाम नुसत्या हातानं धरता येतो का? हाताला राख लावतो तवा धरतो. ह्या मेल्यानं राख लावायच्या जागी तेल लावलं!”

सगळ्या बायका हसल्या. माझ्या पाच मिनिटांच्या भाषणाने जे झालं नव्हतं ते तिच्या एका वाक्याने झालं.

“बघा बघा,” महाराज घाईघाईने म्हणाले, “मीच सांगत हुतो ना, आत कायतरी हाय म्हनून!”

आता नव्या चकत्या मिळायच्या कुठे? लढाईतल्या गाडीचे भाग बाजारात नव्हते. मग आम्ही गॅरेजात जे करायचो तेच केलं. परळच्या एका दवाखान्यातल्या कंपाउंडरकडून लहूने औषधाच्या बाटल्यांची जुनी बुचं पिशवीभर आणली. शेजारच्या झोपडीत पाणी उकळलं, त्यात बुचं मऊ केली. जुनी झिजलेली बुचं ठोकून काढली, पोलादी चकत्या रॉकेलने धुतल्या, वाकड्या झाल्यात का ते काचेवर ठेवून बघितलं. मऊ बुचं एकेक करून भोकात दाबून बसवली. लहू काचपेपरवर चकत्या घासत होता, सगळी बुचं एका पातळीत येईपर्यंत. त्याला सांगावं लागत नव्हतं. भावाला करताना त्याने कधीतरी पाहिलं असणार. दुपार टळेपर्यंत काम चाललं, आणि नवल म्हणजे गर्दी हलली नाही. सकाळी चमत्कार बघायला आलेली माणसं बुचं कशी बसतात ते बघत उभी होती. मला वाटलं, जिंकलो.

झाकण लावलं, घोटभर तेल घातलं. मी बसलो. गुणवंती न विचारता मागे बसली. सपाटी गेली, चढ लागला, मी मूठ पिळली आणि फटफटी चढत गेली. वरच्या वळणापर्यंत जाऊन आम्ही खाली आलो.

आणि खाली काय चाललं होतं? धोंडूमहाराज धाबळी उडवत नाचत होते. “दिला! गणपतनं होकार दिला! राडा काढला तसा त्याचा राग गेला!” आणि ज्यांनी दिवसभर स्वतःच्या डोळ्यांनी चकत्या पाहिल्या होत्या ती माणसं ओरडत होती, “होकार दिला! गणपतनं होकार दिला!” एकाने पुढच्या चाकापुढे नारळ फोडला. पाणी माझ्या बुटावर उडालं. मला त्या धोंड्याची नव्हे, त्या नारळवाल्याची किळस आली. धोंड्या पोटासाठी खोटं बोलत होता. हा फुकट बोलत होता.

गुणवंती उतरली. “गप बसा!” ती म्हणाली. पाटीवर गिऱ्हाईकं सांभाळणाऱ्या बाईचा आवाज तो, लगेच सगळे गप्प झाले. “हिनं कसला होकार? हिच्यात बाटलीची बुचं बसवल्यात. उद्या ती झिजली का परत थांबंल, तवा काय मी नवरा सोडू? माजा नवरा गोळी लागून मेला. त्याला इचारता येत नाय. कुनाला कायबी इचारायचं असंल तर मना इचारा. मी जिती हाय.”

 धोंडूमहाराज धाबळी गोळा करून गोदामांच्या दिशेने सटकले. त्यांच्या मागे कुणी गेलं नाही, एवढं समाधान.

राधाबाई उठली. डबी रस्त्याकडेच्या गटारात रिकामी केली आणि सुनेजवळ आली.

“गुणे, तुला जावंसं वाटतं का गो तुळशीदासाकडं?”

“होय, आये.”

“मग जा.”

एवढंच. तीन महिने दर मंगळवारी हा प्रश्न एका बिघडलेल्या क्लचला विचारला जात होता. शेकडो माणसं उत्तर ऐकायला येत होती. ज्या बाईचा प्रश्न होता ती दर वेळी त्यांच्यातच उभी असायची आणि तिला कुणी विचारलं नाही. वाचणाऱ्यांनो, यंत्र अडलं तर ते उघडून बघा, आत बिघाड सापडेल. आणि माणसाचं काही ठरवायचं असेल तर त्या माणसाला विचारा. त्याला तोंड आहे.