मानेवरची विभूती

"मावशी, एवढंच म्हणायचं, मान साफ होती," वकील तिसऱ्यांदा म्हणाला.

"आन् नसली तर?"

त्यानं माझ्या मुलाकडं, सिद्धारामकडं पाहिलं. सिद्धाराम दातओठ खात म्हणाला, "अव्वा, निदान कोर्टात तरी तोंड आवर."

खटला श्रीशैलवर होता. माझ्या दिराचा मुलगा. त्याची आई बाळंतपणात गेली, तेव्हापासून माझ्याच हातानं वाढलेला. मला दोड्डव्वा, म्हणजे थोरली आई, म्हणतो. दोन वर्षांपूर्वी त्यानं सांगितलं, बायको, राजेश्वरी, फिट येऊन गेली. दुपारच्या आत माती उरकली. आमच्यात जाळत नाहीत. विभूती लावून, बसवून पुरतात. तिच्या बापाला, कल्याणप्पांना, ती घाई खटकली. बाराव्या दिवशी त्यांनी अर्ज देऊन लेकीला उकरून काढायला लावलं. डॉक्टर म्हणाला, गळ्याचं हाड मोडलंय. श्रीशैलचा हा वकील म्हणत होता, खड्ड्यात बसवताना मान आदळली, तेव्हा मोडलं. त्याच्याकडं मातीआधीचा फोटो होता. भिंतीला टेकून बसवलेली राजेश्वरी, मान पांढरीशुभ्र.

गावात बाईमाणसाला शेवटची आंघोळ मीच घालते. तिलाही मीच घातली होती. म्हणून मला साक्षीला आणलेलं.

पिंजऱ्यात उभी राहिले. वकिलानं आधी भलतंच काढलं.

"राजेश्वरी भांडखोर होती. तासन्‌तास फोनवर बोलायची, नवऱ्याला उलट उत्तरं द्यायची. खरं ना?"

"द्यायची की. उलटं बोलून बाई मरत असती, तर मला लग्नाच्या वर्षीच पुरली असती, साहेब."

मागं कुणीतरी खुदकन हसलं. न्यायाधीश बाई हसल्या नाहीत. "विचारलं तेवढंच सांगा, आजी."

"बरं. आंघोळ घालताना मान साफ होती ना?"

श्रीशैल माझ्याकडं बघत होता. लहानपणी चुलीपुढं बसून भाकरी फुगायची वाट बघायचा, अगदी तसा.

"न्हाय," मी म्हणाले. "निळी होती. साफ म्या केली."

वकील घाईनं कागद चाळू लागला. मी थांबले नाही. थांबले असते तर पुन्हा तोंड उघडलं नसतं.

"एका अंगाला चार बोटं, दुसऱ्या अंगाला अंगठा. लेकीचं शेवटचं तोंड बघताना बापाला ते दिसू नये, म्हणून विभूती कालवून जाड लेप दिला. सगळी मान भरून. घराची अब्रूबी त्याच लेपाखाली झाकली. तेबी म्याच."

"मग दोन वर्षं का गप्प बसलात?" वकील आता माझ्यावरच उखडला.

"पोलीस आले तवा गड्यांनाच इचारलं. मला म्हणले, आजी, च्या टाका. म्या टाकला. त्यांनी इचारलं न्हाय म्हणून माझं गप बसणं बरोबर व्हतंय, असं न्हाय."

सरकारी वकील उठले. "वळ कुठं होते, दाखवता का?"

मी पदर सारला आणि माझ्याच गळ्याला बोटं लावली. "हितं. आन् हितं."

"दोड्डव्वा," श्रीशैल हळूच म्हणाला. मी वळले नाही.

"लिहून घ्या," न्यायाधीश बाई म्हणाल्या.

बाहेर सिद्धारामनं गाडीला लाथ मारली. "घरचं पोरगं घालवलंस! एका परक्या पोरीपायी!"

"परकी कशी रं? चार गावं फिरून म्याच पसंत करून आणली व्हती की तिला."

तो एकटाच निघून गेला. मी उमरग्याच्या स्टँडवर आले आणि गावाकडची एसटी धरली. गाडी भरलेली होती. पुढच्या सीटवर, कोर्टात माझी साक्ष ऐकून निघालेले कल्याणप्पा बसले होते. मला बघून ते उठले.

"बसा," म्हणाले.

मी दांडा धरून उभीच राहिले. तेही परत बसले नाहीत.

"ओ आजी, ओ काका, कुणीतरी बसा की!" कंडक्टर दोनदा ओरडला. नंतर त्यानंही नाद सोडला. आमच्या फाट्यापर्यंत ती जागा दोघांच्या मधे रिकामीच आली.