रजईखालची वांगी

रत्नमालाबाईंच्या हाताला गुण नाही, हा निकाल त्यांच्या नणंदेनं, म्हणजे कलावतीताईंनी, लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी देऊन टाकला होता आणि त्यावर अपील असं कधी झालंच नव्हतं. निमित्त काय, तर एक तुळस वाळली. आता नवरा, शेषराव, पडला रेल्वेतला. मूळचे भुसावळचे, पण भुसावळ सोडून सगळीकडे बदली. आज भोपाळ, उद्या झाशी, परवा कोटा. जरा कुठे गवळ्याची ओळख झाली की बिऱ्हाड ट्रकमध्ये. कुंड्या ट्रकमध्ये चढताना हिरव्या असायच्या आणि उतरताना नुसती माती. यात हाताच्या गुणाचा काय संबंध? पण ताईंना हे सांगणार कोण! त्या यावलकडच्या शेतकरी घरात दिलेल्या. घरची केळी, घरचा कापूस आणि घरची भरताची वांगी.

भरताचं वांगं म्हणजे काय चीज आहे, हे खानदेशाबाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. हिरवं, अंगावर पांढरे पट्टे, हातात धरलं तर हात भरून जावा असं. पुढे बदली जयपूरला झाली, आणि तिथल्या बाजारात मिळायची ती जांभळी, चकचकीत. पहिल्या हिवाळ्यात रत्नमालाबाईंनी त्यांचंच भरीत केलं. शेषरावांनी एक घास खाल्ला आणि म्हणाले, "भाजलंस छान. काय भाजलंस तेवढं सांग."

पुढच्या वर्षी जयपुरातच झोटवाड्यात तळमजल्याचं घर मिळालं, आणि घरामागे चक्क मातीचं अंगण! एवढ्या वर्षांच्या संसारात पायाखाली स्वतःची म्हणावी अशी माती पहिल्यांदाच. त्याच उन्हाळ्यात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दोघं भुसावळला गेली, तेव्हा ताईंनी भरताच्या वांग्याचं बी फडक्यात बांधून दिलं. दिलं ते सगळ्या नातेवाइकांसमोर, आणि वर म्हणाल्या, "घे बाई. तुळस तर जगली नाही. वांगं बघ जगतं का."

सगळे हसले. शेषरावसुद्धा हसले, आणि त्याचा हिशेब त्यांना नंतर घरी चुकता करावा लागला. पण रत्नमालाबाईंचं डोकं तिथल्या तिथे फिरलं. त्या म्हणाल्या, "ताई, थंडीत तुम्ही नि दाजी जयपूरला याच. माझ्या अंगणातल्या वांग्यांचं भरीत खायला घालते."

ताई म्हणाल्या, "येते की."

झालं! शब्द तोंडातून गेला. आता जगात एकच गोष्ट महत्त्वाची उरली. ताईंनी जयपुरात यावं, रत्नमालेच्या हातची, रत्नमालेनं पिकवलेली वांगी खावीत, आणि एकदा, एकदाच "चांगलं झालंय" म्हणावं. बास. त्यानंतर देवानं उचललं तरी चालेल, असं त्या शेषरावांना म्हणाल्यासुद्धा. शेषराव म्हणाले, "भरीत खाऊन झाल्यावर ना? मग ठीक."

बाग कशी करतात हे दोघांनाही ठाऊक नव्हतं, पण शेषराव गाड्यांच्या वेळापत्रकाच्या खात्यात होते, त्यामुळे बाग त्यांनी वेळापत्रकावर घेतली. सकाळी पाणी, संध्याकाळी पाणी, रविवारी निंदणी. मुळा उशिरा धावू लागला की ते वाफ्यापाशी उभे राहून घड्याळ बघत. मुळ्याला त्याचं काही नव्हतं. टोमॅटो लागले, ते माकडांनी नेले. कोथिंबीर उगवली, ती मोरानं खाल्ली. मोर रोज सकाळी भिंतीवरून उतरायचा आणि पाहुण्यासारखा निवांत जेवायचा. रत्नमालाबाई ओरडल्या, "अहो, हाकला ना त्याला! चप्पल मारा!" शेषराव म्हणाले, "राष्ट्रीय पक्षी आहे तो. मी केंद्र सरकारचा नोकर. उद्या कुणी फोटो काढला म्हणजे?"

पण वांगी मात्र जगली. मोराला आवडली नाहीत, माकडांना समजली नाहीत. झाडं कमरेएवढी झाली, फुलं आली, आणि दिवाळीच्या सुमाराला पहिलं वांगं धरलं. ते वांगं शेषरावांनी तोडूच दिलं नाही.

"पहिलं आहे गं."

"अहो, मग पहिलंच खायचं असतं!"

"बघ तरी त्याच्याकडे."

बघण्यासारखं होतं, खोटं कशाला बोला. पण बघून पोट भरत नाही. रत्नमालाबाई विळी घेऊन मागे गेल्या की शेषराव पाठोपाठ. ऑफिसला जाताना त्याला सांगून जायचे. बघता बघता ते वांगं जून झालं, पिवळं पडलं, कातड्यासारखं निबर झालं. रत्नमालाबाई म्हणाल्या, "आता ह्याला पेन्शन लागू करा." तेव्हापासून त्याचं नाव पेन्शनर. बाकीची वांगी मात्र ताईंसाठी राखून ठेवलेली, हिरवीगार, तुकतुकीत. त्यांना कुणी बोट लावायचं नाही, असा घरात कायदा होता.

डिसेंबरअखेर ताई आणि त्यांचे यजमान आनंदराव निघाले. धुक्यानं गाडीला उशीर झाला, संध्याकाळी कुठे पोचली. आनंदरावांच्या डोक्याला माकडटोपी आणि खांद्यावर जुन्या लुगड्यात बांधलेलं एक लांबलचक बोचकं. ताईंच्या हातात दोरीनं आवळलेली गोधडी. चार नऊवारी लुगडी एकावर एक शिवलेली, उचलायला दोन माणसं लागावीत अशी.

"ताई, गोधडी कशाला आणली? जयपूरची रजई घेऊन ठेवलीय तुमच्यासाठी. दोन नव्या."

ताईंनी रजई दोन बोटांत धरून पाहिली. "फुलं छान आहेत," म्हणाल्या. मग लगेच, "वांगी कुठेत?"

अंधार पडला होता. रत्नमालाबाई म्हणाल्या, "सकाळी उजेडात बघा, ताई. तोवर धीर धरा." इतका रुबाब त्यांनी आयुष्यात कधी केला नव्हता. आणि नेमकं तेव्हाच भिंतीपलीकडून शेजारच्या शेखावत भाभींचा आवाज आला, "भाभीजी, सब्ज़ी ढक देना! आज रात पत्तों पर बर्फ़ जमेगी. सुबह तक सब काला."

बर्फ? भुसावळला बर्फ फक्त उसाच्या रसात असायचा. पाहुण्यांची जेवणं होऊन ती खोलीत गेली तशी दोघं नवरा-बायको हळूच मागच्या अंगणात उतरली. चादरी टाकून बघितल्या, भाभी भिंतीवरून मान हलवू लागल्या. "मोटा चाहिए, मोटा!" जाड असं घरात काय होतं? चार रजया. दोन पाहुण्यांच्या, दोन आपल्या. शेषरावांची नजर पाहुण्यांच्या खोलीकडे वळलेली बघून रत्नमालाबाई दबक्या आवाजात गरजल्या, "ताईंच्या रजयांकडे बघाल तर खबरदार!" मग आपल्याच दोन रजया आणल्या, झाडांभोवती काठ्या रोवल्या आणि त्यावर तंबूसारख्या पसरल्या.

रात्र कशी गेली ते विचारू नका. अंगावर सतरंजी, पायांवर सोफ्याची कव्हरं. शेषराव ड्यूटीचा कोट घालून झोपले, बूटसुद्धा काढले नाहीत. रत्नमालाबाई देवाला एवढंच म्हणत होत्या, मी गारठले तर गारठले, वांगी राहू देत.

उजाडलं तशा त्या चहा ठेवायला स्वयंपाकघरात गेल्या, तर गॅसच्या दोन्ही शेगड्या पेटलेल्या आणि ताई नि दाजी त्यांवर हात धरून उभे. आनंदरावांची माकडटोपी हनुवटीपर्यंत ओढलेली.

"एवढ्या लवकर उठलात, ताई? झोप लागली ना?"

"मस्त," ताई म्हणाल्या. दात वाजत होते. "आणि तुला?"

"छान ऊब होती," रत्नमालाबाई म्हणाल्या. त्यांचेही वाजत होते.

दोघी एकमेकींकडे संशयानं बघताहेत, तोच मागून शेषराव किंचाळले, "रत्ना! अपघात झाला!"

सगळी धावली. अंगणात झाडांचा तंबू उरलाच नव्हता. एक ढीग होता. खाली शेषरावांच्या दोन रजया, त्यावर पाहुण्यांच्या दोन फुलाफुलांच्या, आणि सगळ्यांच्या वर ताईंची गोधडी, दवानं भिजून दगडासारखी झालेली. काठ्या मोडल्या होत्या. वांग्यांची झाडं बुडातून मोडून आडवी झाली होती.

"ताई," रत्नमालाबाईंनी ढिगाकडे बोट केलं, "तुमच्या रजया इथे कशा?"

कलावतीताई पहिल्यांदाच जराशा चाचरल्या. "झोप येईना म्हणून मागे डोकावले. तर काय, दोन पातळ चिंध्या टाकलेल्या. म्हटलं, ह्या पोरीला काय कळतंय थंडीचं. म्हणून आमच्या टाकल्या. वरून गोधडी."

"चिंध्या नव्हत्या त्या. आमच्या पांघरायच्या रजया होत्या."

"मग तुम्ही काय पांघरलं?"

"सतरंजी," शेषराव म्हणाले. "आणि सोफ्याची कव्हरं."

आनंदराव आधी खोकले, मग हसायलाच लागले. "म्हणजे घरातली चारही माणसं रात्रभर कुडकुडली आणि वांगी पाच पांघरुणांत! वा रे वा! बापा बापा!" शेषरावांनाही हसू आवरेना.

रत्नमालाबाई हसल्या नाहीत. त्या ओल्या मातीत तशाच मटकन बसल्या. आणि मग जे त्या इतकी वर्षं गिळत आल्या होत्या ते बाहेर पडलं. "तुळस माझ्या हातानं मेली, ताई. मान्य. कुंड्या मेल्या, त्याही मान्य. पण ही झाडं मी पोरांसारखी वाढवली होती. माकडांतून वाचवली, बर्फातून वाचवली. ही माझ्या हातानं नाही मेली. ही तुम्ही मारलीत."

भिंतीपलीकडे शेखावत भाभींच्या कुकरची शिट्टी झाली. शेषराव बुटांकडे बघू लागले. मोठ्या बहिणीला असं कुणी बोललेलं त्यांनी जन्मात ऐकलं नव्हतं.

कलावतीताईंनी पदर खोचला, एकेक रजई उचलून भिंतीवर टाकली, आणि गुडघ्यांवर बसून मोडलेल्या फांद्यांत हात घातला. वांगी निघाली. हिरवीगार, गरम, एकालाही डाग नाही.

"झाडं गेली. फळ नाही गेलं," ताई म्हणाल्या. मग एकदम, "शेषू, बघत काय उभा राह्यला? पाटी आण. तुझ्या दाजींना म्हणावं माझं बोचकं आणा."

बोचकं सुटलं. आत कपाशीच्या वाळलेल्या काड्या. पऱ्हाट्या! खानदेशात भरीत भाजायचं ते पऱ्हाट्यांच्याच जाळावर, दुसऱ्या कशावर नाही. भुसावळहून जयपूरपर्यंत ताईंनी सरपण आणलं होतं. गाडीत तिकीट तपासनीसानं विचारलं तेव्हा आनंदरावांना म्हणे औषधी झाडाच्या काड्या आहेत असं सांगावं लागलं.

रत्नमालाबाई बघतच राहिल्या. "ताई, वांगी आलीच नसती तर?"

"मग ह्याच्यावर चहा केला असता. बोलू नको, हिरव्या मिरच्या काढ."

पण रत्नमालाबाईंना जे कळायचं ते कळलं. वांगं जगतं का बघ म्हणणाऱ्या बाईनं निघतानाच सरपण बांधलं होतं.

मग त्या दिवशी झोटवाड्याच्या त्या अंगणात जो धूर झाला, तो बघून अर्धी गल्ली जमा झाली. वांगी काढताना पेन्शनर हाताला लागला, तेव्हा ताईंनी विचारलं, "हे पिवळं कुणी ठेवलं?" शेषराव लाजले. ताईंनी ते फिरवून फिरवून पाहिलं, ठोकून पाहिलं आणि खिडकीत नेऊन ठेवलं. वांगी भाजली, सोलली, मिरच्या-लसणाबरोबर ठेचली, वर कांद्याची पात आणि शेंगदाणे. शेखावत भाभी बाजरीच्या गरम रोट्या घेऊन आल्या आणि हात धुऊन सरळ पंगतीतच बसल्या.

शेषरावांनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. आनंदराव बोलायच्या स्थितीत नव्हते. रत्नमालाबाई स्वतः जेवल्याच नाहीत, नुसत्या ताईंच्या तोंडाकडे बघत होत्या. ताई जेवत होत्या. पुन्हा वाढून घेत होत्या. रोटी संपली, दुसरी घेतली. शेवटी शेषरावांनाच राहवलं नाही. "कसं झालंय, ताई?"

ताईंनी बोटं चाटली. "मीठ जरा कमी आहे," म्हणाल्या.

रत्नमालाबाई उठल्या आणि मीठ आणायला आत गेल्या. ओट्यापाशी उभं राहून त्यांनी डोळे पुसले, मग मीठदाणी घेऊन बाहेर आल्या. ताईंनी मीठ घेतलं नाही, आणखी भरीत घेतलं.

परतीच्या दिवशी सामान बांधताना पेन्शनर खिडकीत नव्हता. तो ताईंच्या पिशवीत होता, आनंदरावांच्या मफलरमध्ये गुंडाळलेला.

"ताई, ते खायचं नाही. निबर आहे."

"खायला कोण नेतंय? बी आहे त्यात. आमचं बी आता अगदी लाडावलंय. हे बर्फ सोसलेलं. पुढच्या पावसाळ्यात शेतात तुझंच लावते."

शेषरावांची छाती अशी फुगली की कोटाचं बटण ताणलं. "बघितलंस? म्हणत होतो ना, तोडू नको म्हणून!" रत्नमालाबाईंनी त्यांना कोपरानं ढोसलं, पण हळूच.

गोधडी ताईंनी जयपुरातच ठेवली. म्हणाल्या, तुमच्या रजयांचा काही भरवसा नाही. स्टेशनवर आनंदरावांना खिडकीची जागा मिळाली नाही, ती पेन्शनरला मिळाली. ताई पिशवी मांडीवर घेऊन खिडकीशी बसल्या. शिट्टी झाली. रत्नमालाबाई वाकून नमस्कार करणार, तेवढ्यात गाडी हललीच. ताईंनी गजांतून हात बाहेर काढला आणि रत्नमालेचा हात पकडला. गाडी पुढे सरकत होती, तरी हात सोडेनात. रत्नमालाबाई गाडीबरोबर चालू लागल्या.

"रत्ना," ताई म्हणाल्या, "मीठ बरोबर होतं."