पाणवठ्यापलीकडचा माणूस

टीव्ही लागला होता, पण चित्र येत नव्हतं. काळ्या पडद्यावर 'नो सिग्नल' एवढीच अक्षरं इकडून तिकडे फिरत होती. रंजीता आत्राम रिमोट हातात धरून कॅबिनच्या खिडकीतून तिकडे बघत उभी होती. साडेनऊ वाजले होते. अकराला नागपूरचे साहेब येणार होते, आणि त्यांना दाखवण्यासारखं निसर्ग माहिती केंद्रात एकच होतं, बावीस मिनिटांची जंगलाची फिल्म.

पोंभुर्ण्याकडच्या रस्त्यावरच्या या केंद्रातला हॉल गेली पाच वर्षं तीच सांभाळत होती. झाडलोट, पंखे, पडदे आणि दिवसाचे तीन खेळ. तिचा नवरा अंकुश वनरक्षक होता. गस्तीवर असताना त्याला घोणस चावली आणि दवाखान्याच्या वाटेवरच तो गेला. त्याच्यामागे तिला अनुकंपावर नोकरी मिळाली. मशीनला हात लावायला दुसरं कुणी तयार नव्हतं, म्हणून फिल्म लावायचं काम तिच्याकडे आलं.

त्या फिल्ममध्ये अंकुश होता. हे तिच्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. तो जाण्याच्या दोन वर्षं आधी शूटिंगवाले आले होते आणि अकरा दिवस तो त्यांना वाट दाखवत फिरला होता. चौदाव्या मिनिटाला वाघीण पाणवठ्यावर येते. तिच्या आधी चार सेकंद, पलीकडच्या काठावर मोहाच्या झाडाखाली एक माणूस उभा दिसतो. दिसतो कसला, जुन्या डिस्कवर नि जुन्या प्रोजेक्टरवर तो वालाच्या दाण्याएवढा खाकी डाग होता. एका पर्यटक बाईंनी एकदा विचारलंही होतं, ते अस्वल आहे का? रंजीता म्हणाली होती, असेल. पण हातात कुठलंही काम असलं तरी चौदाव्या मिनिटाला ती खिडकीशी येऊन उभी राहायची.

मागच्या महिन्यात प्रोजेक्टर कायमचा बसला. मग भिंतभर टीव्ही आला, नवा प्लेअर आला आणि त्याच फिल्मची मूळ चित्रणावरून बनवलेली नवी फोर-के डिस्क आली. चंद्रपूरहून टीव्ही बसवायला आलेल्या निकेशनं शनिवारी टीव्हीखालीच प्लेअर ठेवून सगळं चालवून दाखवलं, त्या वेळी ती बँकेत गेली होती. निकेश गेल्यावर केंद्राचे वनपाल देवराव यांच्या डोळ्यांत ती पेटी आणि लोंबणारी वायर खुपली. साहेबांपुढे बरं दिसत नाही म्हणून त्यांनी प्लेअर मागच्या कॅबिनमध्ये नेला आणि भिंतीतून गेलेली प्रोजेक्टरची जुनी लांब वायर त्याला जोडून दिली.

रंजीतानं निकेशला फोन लावला. पेटी कुणी हलवली का, हेच त्यानं पहिलं विचारलं. तिनं काय ते सांगितलं.

"मंग बरोबर हाये, ताई. फोर-के म्हणजे पाणी लई, अन् तुमची नळी जुनी. तेवढं पाणी तिच्यातून जात नाई. रिझोल्यूशन खाली आणा. पह्यले डिस्क थांबवा, मंग बटन दाबा. आकडा पेटीवरच दिसते."

तिनं डिस्क थांबवली, बटण दाबलं. पेटीच्या चिंचोळ्या खिडकीत ४८० आलं आणि समोर टीव्हीवर चित्र उमटलं. देवरावांनी कपाळावरचा घाम पुसला. आता राहू द्या, म्हणाले, आलेलं चित्र घालवू नका. पण रंजीताला ते चित्र ओळखीचं वाटलं. झाडांच्या कडा विरघळलेल्या, अक्षरं सुजलेली. पाच वर्षं बघितलेलंच होतं ते.

फोनवर निकेश सांगत होता की अजून वर चढवून बघा. आकडा बदलला की पडदा थोडा वेळ काळा होईल, मग मशीन विचारेल, चित्र दिसतं का? दिसलं तर 'हो' दाबा. नाही दाबलं तर ते आपोआप आधीच्या आकड्यावर परत येतं, बिघडत काही नाही. देवराव घड्याळ बघत होते. रंजीतानं ७२० केलं. मग १०८०. प्रत्येक वेळी पडदा काळा झाला आणि प्रत्येक वेळी चित्र परत आलं. फोर-केला मात्र ते आलं नाही. मशीन मुकाट्यानं १०८० वर परतलं.

अकराचा खेळ नीट झाला. साहेबांना फिल्म आवडली. चौदाव्या मिनिटाला त्यांच्यातले एक जण फोनमध्ये बघत होते. रंजीता खिडकीशी होती. डागाचा माणूस झाला होता. टोपी दिसली, पट्टा दिसला. चेहरा मात्र अजून नुसता गव्हाळ ठिपका होता.

दुपारी तिनं निकेशला पुन्हा फोन केला. खोक्यातली आखूड, जाड वायर लावून पेटी टीव्हीजवळ ठेवली तर फोर-के येईल, असं तो म्हणाला. पण १०८० सुद्धा चांगलंच दिसतं, मग कशाला पाहिजे?

"एक माणूस पाहाचा हाये," ती म्हणाली.

वायर कुठं लावायची ते त्यानं सांगितलं.

मंगळवारी केंद्र बंद असतं. हॉलची किल्ली देवरावांकडे होती, म्हणून फिल्ममधल्या माणसाचं खरं रंजीतानं त्यांना सांगितलं.

"पाच वर्षं सांगतलं नाई तुमी," म्हणाले आणि किल्ली दिली.

तिनं बरोबर सासूला, बुधरीला आणलं; तिला ती आत्या म्हणायची. बुधरीच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं होतं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. घरात अंकुशचा एकच फोटो होता, ओळखपत्रावरचा, आणि त्यात तो कुणीतरी दटावल्यासारखा दिसायचा. कुठे आणि काय बघायला जायचं आहे, हे रंजीतानं तिला वाटेत सांगितलं. बुधरीनं पदर सारखा केला तेवढाच.

रंजीतानं प्लास्टिकच्या खुर्चीवर प्लेअर ठेवला, आखूड वायर जोडली, फोर-के निवडलं. पडदा काळा झाला. एवढा वेळ लागला की तिला वाटलं, नाहीच येत. मग प्रश्न उमटला, चित्र दिसतं का? तिनं 'हो' दाबलं. मग चौदाव्या मिनिटाशी आणून फिल्म थांबवली.

मोहाच्या झाडाखाली अंकुश उभा होता. गालावर देवीच्या व्रणासारखी लहानपणची खूण. शर्टाचं दुसरं बटण पांढऱ्या दोऱ्यानं शिवलेलं. खाकी दोरा नव्हता म्हणून तिनंच तसं शिवलं होतं. आणि डावा गाल टम्म फुगलेला, मुठीत तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची पन्नी. त्यांची रीना जन्मली तेव्हा पोरीच्या डोक्यावर हात ठेवून त्यानं खर्रा सोडल्याची शपथ घेतली होती. रंजीताला आधी राग आला, खराखुरा, आणि तो काढायचा कुणावर हे न कळून ती हसली. डोळे भरले ते हसतानाच.

"सोडला म्हणे, आत्या. पाहा."

"मले मालूम होतं," बुधरी म्हणाली. "गोठ्यात लपवून ठेवे."

मग बुधरी उठली आणि टीव्हीच्या अगदी जवळ गेली. बरा डोळा पुढे करून वरपासून खालपर्यंत बघत राहिली. पोरगा वाळला दिसतो, म्हणाली. त्या वर्षी त्याला दोनदा ताप आला होता, हेही तिला आठवलं. बराच वेळ गेल्यावर तिनं विचारलं, "बोलत नाई का याच्यात?"

"नाई, आत्या."

"कमीच बोले."

चित्र फार वेळ थांबवलं की प्लेअर आपोआप पडदा विझवतो. तसा तो विझला. रंजीतानं रिमोट उचलला.

"राहू दे," बुधरी म्हणाली. "पाह्यलं."

बुधवारी दहाचा खेळ होता. रंजीतानं पेटी पुन्हा कॅबिनमध्ये नेली, लांब वायर लावली, आकडा १०८० वर आणला आणि चित्र येतं का ते एकदा बघून घेतलं. ती बाहेर आली तेव्हा आजही तिच्याबरोबर आलेली बुधरी हॉलमधल्या खुर्च्या एकेक करून रांगेत सरळ लावत होती.